९९.९९

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
सव्वीस वर्षं मी जमिनीचे उतारे टाइप करतो.
पोचतो पावणेदहाला
(बोटाचा ठसा घेणारं मशीन म्हणतं ०९:४७),
वाटेत इनास पदेराच्या टोपलीतून दोन पाव घेतो.
दोन पाव म्हणजे अर्धा,
पण माझं पोट दोन पावांत पूर्ण भरतं.
हा हिशेब कुठल्याच कोष्टकात नव्हता.

वडिलांना औटकी पाठ होती.
दुकानात मीठ मापता मापता पुटपुटायचे,
सात औटे साडेचोवीस,
आठ औटे अठ्ठावीस,
आणि गिऱ्हाईक निमूट पैसे काढायचं.
मला औटकी येत नाही.
मला टिंब येतं,
की-बोर्डच्या उजव्या कडेला, अगदी खाली.

टिंबाला नावं ठेवू नका.
बाजारातली रुक्मिण अर्धा किलो म्हणायची
आणि बांगड्यांबरोबर आपला अंगठाही तोलायची.
आता तिच्या काट्यावर लाल आकडे पेटतात, ०.४३८,
नि तीच ओशाळून वर एक बांगडा टाकते.
पोरगा आठ महिन्यांचा होता, तापानं फणफणलेला,
डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, ०.६ मिली.
त्या रात्री कोणी मला
"अर्ध्याहून जरासं जास्त" सांगितलं असतं
तर हातातली पिचकारी थरथरत राहिली असती पहाटेपर्यंत.

पण एखाद्या दीडशहाण्याला
एक पूर्णांक पाच दशांश शहाणा म्हणून पाहा.
शिवीतली सगळी मिरची उतरते.
बदलून गेलेल्या आमच्या साहेबांचं
राज्य औटघटकेचं होतं;
तीन पॉइंट पाच म्हटलं
तर काळ तेवढाच,
कीव मात्र येत नाही.
आणि देवापुढे एक रुपया पंचवीस पैसे ठेवून
कोणाचा नवस फिटला आहे?

परवा मयेंहून तिघं आली.
सुशांता, घनःश्याम आणि म्हाबळेश्वर.
बाराशे चौरस मीटर, विहीर, सात माड.
आमच्याकडे लेकीचा वाटा लेकाएवढाच,
तेव्हा भांडण नव्हतं.
म्हणजे अजून नव्हतं.
कागदावर प्रत्येकी एक तृतीयांश,
वर एक, खाली तीन, मध्ये रेघ,
कुंपणासारखी सरळ.
संगणकाला रेघ कळत नाही.
त्याच्या चौकटीत टिंबापुढे दोनच घरं.
३३.३३
३३.३३
३३.३३
बेरीज तांबडी झाली.

"उरलं ते कोणाचं?" घनःश्यामनं विचारलं.
मी आकडेमोड केली. शून्य पॉइंट बारा चौरस मीटर.
"म्हणजे किती?"
सव्वा चौरस फूट, वर जरासं.
दोन पावलं जुळवून उभं राहण्याएवढं.

इतका वेळ ती जागा
त्यांच्यातल्या कोणालाच नको होती,
कारण ती नव्हतीच.
"चौतीस माझ्या नावावर घाला," म्हाबळेश्वर म्हणाला, "मी धाकटा."
"मी थोरला," घनःश्याम म्हणाला.
सुशांता खिडकीबाहेर बघत होती.
"विहिरीपाशी आई घागर टेकायची तो दगड," ती म्हणाली,
"तेवढाच असेल, नाही?"
दगड कोणाच्या वाट्यात येतो
हे मी तिला नकाशात दाखवू शकलो असतो.
दाखवलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली.
खाली कँटीनमध्ये घनःश्यामनं दोन चहा सांगितले, तिघांत.
पोऱ्यानं तीन कप मांडले
आणि बोलता बोलता, कपांकडे न बघता ओतले.
एकात थोडा जास्त गेला असणार.
तो कोणी उचलला, मला आठवत नाही.
त्यांनाही आठवत नसावं.

वर येऊन मी शेरा मारला, प्रलंबित.
बेरीज अजून तांबडी आहे.